काळा चेंडू आणि कापरा हात

दिवाळीच्या सुटीत दुपारचा फराळ आटोपला, की आमच्या घरी माळ्यावरून कॅरमबोर्ड खाली यावयाचा. वर्षभराची धूळ आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसली जायची, बोरिक पावडरीचा डबा कोणी कुठे ठेवला यावरून अर्धा तास भांडण व्हायचे, आणि मग चार भिडू चार बाजूंना मांडी ठोकून बसायचे. वाचकहो, तुमच्याही घरी हेच होत असेल. आणि एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. चौघांत जो सर्वांत तरबेज, दोनदा कडेला आपटून अवघड सोंगटी घेणारा, तोच शेवटची, भोकाच्या ओठावर बसलेली, नुसत्या फुंकरीने पडेल अशी सोंगटी चुकतो! सगळे हसतात. तो मात्र आपल्या बोटाकडे असा पाहतो, की जणू ते बोट शेजाऱ्याचे आहे.

मी चौदा वर्षांचा असताना आमच्या गावच्या गणेशोत्सवातल्या कॅरमस्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो होतो. शेवटच्या बोर्डात माझी एकच पांढरी सोंगटी उरली होती आणि ती समोरच्या भोकाच्या तोंडाशी होती. मांडवात पन्नास-साठ माणसे होती. वडील मागे खांबाला टेकून उभे होते. मी स्ट्रायकर लावला, उचलला, पुन्हा लावला. बोटाला घाम आला, तो चड्डीला पुसला. मग मारला. स्ट्रायकर सोंगटीला न शिवता तिच्या शेजारून सरळ भोकात गेला. त्यानंतरचे मला फारसे आठवत नाही. घरी जाताना वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ राग असा मी घेतला होता. आज मास्तरकी करताना कळते, की त्यांना काय बोलावे तेच सुचले नसणार.

बोलले ते आमचे काका. वडिलांचे थोरले भाऊ. पुण्याच्या कॅम्पातल्या एका जिमखान्यात त्यांनी बिलियर्डच्या खोलीत 'मार्कर' म्हणून उभी हयात काढली. मार्कर म्हणजे काय हे आता सांगावे लागेल. साहेबलोक खेळत असताना भिंतीशी उभे राहून गुण मोजावयाचे, खिशात पडलेले चेंडू काढून जागेवर ठेवावयाचे, काठ्यांची टोके घासून नीट करावयाची, टेबलावरची हिरवी बनात एकाच दिशेने ब्रशाने झाडावयाची, आणि साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळून, बहुधा, हरावयाचे. काकांनी माझी हकीकत ऐकली आणि म्हणाले, “अरे, तुझा नेम नाही चुकला. तू नेम धरलासच नाहीस. तू त्या मांडवाकडे बघत होतास.” मी म्हटले, “नाही हो काका, मी सोंगटीकडेच बघत होतो.” “डोळे होते सोंगटीकडे,” काका म्हणाले, आणि विषय तेवढ्यावरच सोडला.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. सरावात हजार वेळा जमलेली गोष्ट, ऐन वेळी हात का विसरतो? त्याचा शोध घेत मी कॅरमवरून काकांच्या स्नूकरकडे गेलो, आणि गंमत अशी की या खेळाच्या जन्मातच मला माझी चुकलेली सोंगटी सापडली.

स्नूकरचा जन्म विलायतेत नव्हे, आपल्या जबलपूरला झाला. साल 1875. पावसाळ्याचे दिवस, छावणीत अडकून पडलेले गोरे अधिकारी, आणि मेसमध्ये एक बिलियर्डचे टेबल. हे अधिकारी 'पूल' नावाचे पैजेचे खेळ खेळत. पूल म्हणजे सर्वांनी मिळून मध्ये टाकलेली रक्कम, जो जिंकेल त्याची. त्यांतल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने निरनिराळ्या पूल-खेळांची भेसळ केली, रंगीत चेंडू वाढवले आणि एक नवाच खेळ उभा केला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन हा नव्हे. नावे सारखी, एवढेच.) त्या काळी लष्करी विद्यालयात नव्याने भरती झालेल्या कच्च्या पोराला 'स्नूकर' म्हणून हिणवीत असत. चेंबरलेनने म्हातारपणी सांगितलेली हकीकत अशी, की एके दिवशी एका भिडूचा कोपऱ्यातल्या खिशाजवळचा रंगीत चेंडू चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला भर मंडळींत 'स्नूकर' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ सर्वांना समजावून द्यावा लागला. मग त्या भिडूला वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव खेळाला चिकटले.

पाहा, खिशाजवळचा चेंडू! अवघड नव्हे, सोपा. एका सोप्या चुकीला मिळालेली शिवी आज दीडशे वर्षे जगभर खेळाचे नाव म्हणून मिरवते आहे. 1882 साली उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून लावले गेले, मग तो विलायतेला गेला, आणि 1927 पासून त्याच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. मधला इतिहास मी गाळतो, कारण मला ज्या रात्रीची गोष्ट सांगावयाची आहे ती 1985 सालच्या एप्रिल महिन्यातली आहे.

तत्पूर्वी ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल, त्याला सहा खिसे. पंधरा लाल चेंडू, प्रत्येकी एक गुणाचा. सहा रंगीत चेंडू: पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा आणि काळा सात गुणांचा. पांढऱ्या चेंडूला काठीने टोला द्यावयाचा आणि त्याने दुसऱ्याला खिशात पाठवावयाचे. लाल संपले की रंगीत चेंडू चढत्या क्रमाने घ्यावयाचे, म्हणजे काळा सर्वांत शेवटी. एका डावाला फ्रेम म्हणतात.

आता यातली मेख अशी. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्या अंगावर येतो, विचाराला सवड नसते, शरीर आपले काम करून मोकळे होते. इथे चेंडू बसून असतो. तुमची वाट पाहत बसतो. तुम्ही कितीही वेळ घ्या, तो हलणार नाही, आणि सगळे सभागृह श्वास रोखून तुमच्याकडे पाहत असते. प्रतिस्पर्धी तुम्हाला अडवू शकत नाही, पण त्याची पाळी असताना तुम्हालाही खुर्चीत हात बांधून बसण्याखेरीज काही करता येत नाही. हा खेळ निम्मा टेबलावर आणि निम्मा त्या खुर्चीत खेळला जातो, असे काका म्हणत. त्यात काठीची मूठ केसभर घट्ट झाली, तर टोक केसभर वळते, आणि दहा फुटांवर गेल्यावर तो केस बोटाएवढा होतो.

इंग्लंडातल्या शेफील्ड गावी क्रुसिबल नावाचे नाटकगृह आहे. 1977 पासून जागतिक स्पर्धा तिथे भरते. जागा हजाराच्या आतच, आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक खेळाडूच्या इतका जवळ, की त्याचा खोकला मानेवर जाणवावा. 1985 च्या अंतिम सामन्यात एका बाजूला होता स्टीव्ह डेव्हिस. वय सत्तावीस. 1981, 1983 आणि 1984 असा तीनदा जगज्जेता. चेहऱ्यावरची रेषा न हलवता खेळणारा, यंत्रासारखा. दुसऱ्या बाजूला डेनिस टेलर, उत्तर आयर्लंडातल्या कोलआयलंड गावचा, वय छत्तीस. 1979 साली एकदा अंतिम सामन्यात पोहोचून हरलेला. त्याचे नाव लोकांना ठाऊक होते ते जास्त करून त्याच्या चष्म्यामुळे. काठीवर हनुवटी टेकवून पाहताना साध्या चष्म्याच्या चौकटीवरून नजर निसटते, म्हणून त्याने उलटा लावल्यासारखा दिसणारा, कपाळापर्यंत चढलेला चष्मा करवून घेतला होता. लोक हसत. तोही हसे. गोष्टीवेल्हाळ माणूस होता.

पण त्याच्या हसण्यामागे एक दुःख होते. आदल्या वर्षी, 1984 साली, एका स्पर्धेच्या ऐन मध्यावर त्याची आई वारली. स्पर्धा सोडून तो घरी गेला. पुन्हा काठी हातात धरण्याचे त्याच्या मनात नव्हते. घरच्यांनी आग्रह करून त्याला पुढच्या मोठ्या स्पर्धेला पाठवले, आणि ती तो जिंकला. व्यावसायिक झाल्यापासून बारा वर्षांतले त्याचे हे पहिलेच मोठे विजेतेपद. आईचे ओझे घेऊन गेलेला माणूस हलका होऊन खेळला की काय, हे मी सांगू शकत नाही. पण ज्याच्या घरात नुकतेच असे काही घडून गेले आहे, त्याला चेंडू चुकण्याची भीती पूर्वीएवढी वाटत नसेल, असे मला वाटते. मी हे स्वतःवरून बोलतो आहे, टेलरवरून नव्हे.

अंतिम सामना पस्तीस फ्रेमचा. जो अठरा जिंकेल तो जगज्जेता. 27 एप्रिलला सुरुवात झाली आणि डेव्हिसने लागोपाठ आठ फ्रेम जिंकल्या. आठ विरुद्ध शून्य! टेलर खुर्चीत बसून होता, दुसरे करणार काय. मग नवव्या फ्रेममध्ये डेव्हिसने एका अवघड हिरव्या चेंडूवर नेम धरला. संयमाने, सुरक्षित खेळून वाट पाहता आली असती. चेंडू चुकला आणि ती फ्रेम टेलरने घेतली. पुढचीही घेतली. रात्री खेळ थांबला तेव्हा नऊ विरुद्ध सात झाले होते.

इथे माझे एक शाळामास्तरी निरीक्षण नोंदवून ठेवतो. शून्यावर असलेल्या मुलाला फळ्यासमोर बोलावले तर तो एकदम बरोबर उत्तर देतो, असे मी कितीदा पाहिले आहे. त्याच्याकडून कोणाची अपेक्षाच नसते. थरथरतो तो पहिला नंबर. टेलरला आठ शून्यावर गमावण्यासारखे काही उरले नव्हते. डेव्हिसला मात्र आठ फ्रेमची इस्टेट सांभाळावयाची होती. आणि इस्टेट सांभाळणारा माणूस रात्री नीट झोपत नाही.

दुसऱ्या दिवशी डेव्हिस पुढे, टेलर मागे, असे चालले. टेलर बरोबरी करी, पण पुढे जाऊ शकेना. डेव्हिस 17–15 झाला. एकच फ्रेम हवी होती. टेलरने दोन घेतल्या. 17–17. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उरली शेवटची फ्रेम.

ती एक फ्रेम 68 मिनिटे चालली. ज्या फ्रेमला वीस मिनिटे पुरावीत तिला 68! दोघे जगातले अव्वल खेळाडू, आणि दोघांनाही साधे चेंडू पडेनात. दोन दिवस खेळून शरीरे थकली होती, ते खरे. पण नुसता थकवा नव्हता तो. इंग्लंडात मध्यरात्र उलटली तरी 1 कोटी 85 लाख माणसे दूरदर्शनसमोर जागी बसली होती. हा आकडा त्या दोघांना तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण माझ्या मांडवातल्या पन्नास माणसांनी माझी जी अवस्था केली, ती आठवली की मला वाटते, आकडा ठाऊक नसला तरी तो हाताला कळतो.

डेव्हिस 62, टेलर 44. टेबलावर चारच चेंडू उरले: तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. डेव्हिसला त्यातला कोणताही एक मिळाला असता तरी गणिताने सामना त्याचा होता. टेलरला चारही हवे होते. टेलरने दुरून तपकिरी घेतला. निळा घेतला. गुलाबी घेतला. 62 विरुद्ध 59, आणि हिरव्या बनातीवर एक काळा आणि एक पांढरा. दोन दिवसांचा खेळ, पस्तीस फ्रेम, सगळे जाऊन एका चेंडूवर येऊन ठेपले. जो काळा घेईल तो जगज्जेता.

टेलरने तो कडेवर आपटून मधल्या खिशात घालण्याचा प्रयत्न केला. थोडक्यात हुकला. डेव्हिसने सुरक्षित खेळून चेंडू दूर ठेवला. पुन्हा टेलर, पुन्हा डेव्हिस. मग टेलरचा एक लांबचा नेम चुकला आणि काळा चेंडू डेव्हिससाठी कोपऱ्याच्या खिशाजवळ राहिला. अगदी सोपा नव्हे. बारीक काप द्यावा लागेल असा. पण डेव्हिसने असे चेंडू सरावात डोळे मिटून घेतले असतील. तो वाकला, टोला दिला. काप गरजेपेक्षा अधिक बारीक झाला आणि चेंडू खिशाच्या बाजूला आपटून तिथेच रेंगाळला. समालोचक टेड लो हा हलक्या आवाजात बोलण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला. “नाही!”

टेलर उठला. त्याने तो चेंडू घातला. 66 विरुद्ध 62. दोन दिवसांत तो प्रथमच पुढे गेला, आणि सामनाही तिथेच संपला. त्याने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, एक बोट हलवून प्रेक्षकांतल्या आपल्या माणसांना काहीतरी खुणावले. डेव्हिस खुर्चीत बसला होता. नंतर मुलाखतकाराने छेडले तेव्हा तो एवढेच म्हणाला, की जे आहे ते समोर काळ्यापांढऱ्यात आहे. श्लेष त्याने मुद्दाम केला की अनवधानाने, देव जाणे.

डेव्हिसचा हात का चुकला? शास्त्रज्ञांनी यावर बराच विचार केला आहे. त्यातला एक प्रयोग आपल्या विषयाच्या फार जवळचा. 1982 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जेम्स मायकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या पूल-टेबलांजवळ गुपचूप बसून कोणाचे किती नेम लागतात ते मोजले. मग चार माणसे टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि पाहू लागली. जे चांगले खेळत होते त्यांचे नेम शेकडा 71 वरून 80 वर गेले. जे कच्चे होते त्यांचे 36 वरून 25 वर आले. म्हणजे बघणारा माणूस पक्क्याला अधिक पक्का करतो, आणि कच्च्याला अधिक कच्चा. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर 1969 साली झुरळांवर असाच प्रयोग केला. दुसरी झुरळे प्रेक्षक म्हणून बसवली, तेव्हा सरळ रस्त्यावर झुरळे जोरात पळाली आणि वळणाच्या रस्त्यावर अडखळली. झुरळांच्या नशिबीही प्रेक्षक आले म्हणायचे!

पण यातून डेव्हिसचे कोडे सुटत नाही. तो तर पक्क्यांतला पक्का. त्याला चौघांच्या नजरेने बळ यावयास हवे होते. याचे उत्तर मला जे पटते ते असे. जी गोष्ट शरीराने हजारो वेळा करून स्वतःच्या ताब्यात घेतली आहे, ती करताना मनाने मध्येच हस्तक्षेप केला की ती बिघडते. जिना उतरताना आता कोणते पाऊल टाकू असा विचार करा, म्हणजे पडाल. नजर चार माणसांची असली तर मन बाहेर राहते, फार तर उत्साहाने हात चालतो. पण डाव आयुष्याचा झाला, की मन हातात उतरते आणि म्हणते, थांब, हे मी करतो. मनाला कधी बारीक काप मारता येतो काय?

आणि हे एकट्या डेव्हिसचे नाही. जिमी व्हाईट हा स्नूकरमधला सर्वांचा लाडका. तो सहा वेळा अंतिम सामन्यात गेला आणि सहाही वेळा हरला. 1992 साली 14–8 असा पुढे असताना लागोपाठ दहा फ्रेम गमावून बसला. 1994 साली पुन्हा तोच स्टीफन हेन्ड्री समोर. 2 मे, व्हाईटचा बत्तिसावा वाढदिवस. 17–17. शेवटच्या फ्रेममध्ये व्हाईट 37–24 ने पुढे, आणि काळा चेंडू आपल्या जागेवर, नेहमीचा, रोजचा. तो चुकला. हेन्ड्री उठला आणि एका दमात 58 गुण करून विजेतेपद घेऊन गेला. यातली मौज अशी, की त्या स्पर्धेत हेन्ड्रीच्या डाव्या कोपराचे हाड मोडलेले होते. न्हाणीघरात पाय घसरून पडला होता. टेलरची आठ फ्रेमची पिछाडी आणि हेन्ड्रीचे मोडके कोपर, मला ही एकाच जातीची वाटतात. दोघांनाही हरावयाला एक सबब आयती मिळालेली होती.

पण त्या हेन्ड्रीलाही पुढे हा रोग गाठून राहिला. सात वेळा जगज्जेता झालेला हा माणूस उतारवयात टोला देताना काठी पुढेच जात नाही, हात मध्येच गोठतो, अशी कबुली देऊ लागला. 2012 साली तो निवृत्त झाला, आणि त्याच स्पर्धेत त्याने 147 गुणांचा, म्हणजे एकही चूक नसलेला, पूर्ण डाव खेळून दाखवला होता. आता सांगा, हात गोठला होता की नाही?

यावर उपाय काय केले नाहीत लोकांनी! कॅनडाचा बिल वेर्बेनिक याच्या हाताला जन्माचाच कंप होता. तो सामन्यापूर्वी आणि सामन्यात बिअरचे पेल्यामागून पेले रिचवी, तेव्हा हात स्थिर होई. 1980 नंतरच्या दशकात काही खेळाडू हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या घेत होते. पुढे त्यांवर बंदी आली. या दोन्ही उपायांची शिफारस मी दिवाळी अंकात करू शकत नाही.

खरा उपाय केला तो डेव्हिसने. काळा चेंडू चुकल्यानंतर पुढच्या वर्षी, 1986 साली, तो पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि जो जॉन्सन या कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या खेळाडूकडून हरला. दोन वर्षे, दोन अंतिम सामने, दोन्ही हातचे गेले. मग 1987, 1988 आणि 1989 अशी तीन वर्षे तो ओळीने जगज्जेता झाला. काय केले त्याने? माझ्या समजुतीप्रमाणे काहीच नवे केले नाही. रोज टेबलापाशी जाऊन तेच टोले दिले. 2010 साली तर टेलर आणि तो पुन्हा क्रुसिबलमध्ये आले आणि तीच शेवटची फ्रेम हसतखेळत लोकांना खेळून दाखवली. आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र विनोद म्हणून परत करून दाखवावयाची, याला काय म्हणावे!

आपल्याकडचा माणूस म्हणजे विल्सन जोन्स. 1922 साली पुण्यात जन्मले, पुण्यातच शिकले, तिथेच खेळात मुरले. त्यांचा जन्मदिवसही 2 मे, हा एक योगायोग. जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धेत ते आधी रिकाम्या हाताने परतले होते. 1958 साली कलकत्त्याच्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलात, आपल्याच लोकांसमोर, ते जिंकले. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला तो पहिला जगज्जेता. आपल्याच लोकांसमोर खेळणे किती जड, ते मला विचारा. 1964 साली न्यूझीलंडला जाऊन त्यांनी तेच विजेतेपद पुन्हा आणले. पुण्याच्या बिलियर्डच्या खोल्यांतून मार्करांच्या तोंडी त्या काळी त्यांच्याखेरीज दुसरे नाव नसे, असे काका सांगत.

आणि आता काकांचे सांगतो. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले.

1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. काका तेव्हा पंचविशीचे. रात्री खोली बंद करण्यापूर्वी एकटेच तासभर खेळत. कोणी नसे. त्या रिकाम्या खोलीत त्यांनी जे डाव केले ते त्यांच्याखेरीज कोणी पाहिले नाहीत. जिमखान्यातल्या एका भल्या सभासदाने एकदा दाराआडून पाहिले आणि मुंबईतल्या एका खुल्या स्पर्धेत त्यांचे नाव घातले. परळला लग्नघरी जावे तसा कोट उसना घेऊन काका गेले. पहिल्याच फेरीत समोर कोण? ज्यांचे गुण त्यांनी वर्षानुवर्षे भिंतीशी उभे राहून मोजले होते, असे एक गृहस्थ. ते हसून म्हणाले, “अरे, तू? वा!” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण काकांना त्या दिवशी पहिल्या टोल्यापासून काठी जड झाली. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खिशात पडला की काका सवयीने पुढे होऊन तो काढावयास जात. दोनदा गेले. लोक हसले. तिसऱ्यांदा स्वतःला आवरले, पण मग दुसरे काही सुचेना. शेवटी एक चेंडू, खिशाच्या तोंडाशी बसलेला, त्यांना मिळाला, आणि...

“आणि काय, काका?”

“तुझ्या सोंगटीसारखंच,” ते म्हणाले.

त्यानंतर ते कुठल्याही स्पर्धेत उतरले नाहीत. तीस वर्षे गुण मोजत राहिले. गणपतीच्या मांडवातल्या माझ्या चुकीवर ते एवढेच बोलून गप्प का झाले, ते मला त्या दिवशी कळले.

काका जाण्यापूर्वीच्या वर्षी दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. आता या जुन्या सामन्यांची चित्रे मोबाईलवर मिळतात. मी त्यांना 1985 ची ती शेवटची फ्रेम लावून दिली. त्यांना दिसत कमी असे, म्हणून मोबाईल नाकाशी धरून पाहत होते. मला वाटले, डेव्हिसचा काळा चेंडू चुकेल तेव्हा ते काहीतरी बोलतील. पण त्यांचे लक्ष डेव्हिसकडे नव्हते आणि टेलरकडेही नव्हते. गुलाबी चेंडू गेला, काळा उरला, सारे नाटकगृह उठून उभे राहावयाच्या बेतात होते, तेव्हा काकांनी बोटाने पडद्याच्या कडेला दाखवले. पांढरे हातमोजे घातलेले पंच, जॉन विल्यम्स, टेबलाच्या बाजूला उभे होते.

“ह्याला बघ,” काका म्हणाले. “ह्याचा हात बघ.”

मी पाहिले. हात जागच्या जागी होता.

“मागे घे जरा,” काका म्हणाले. “तपकिरीपासून परत लाव.”